उत्तरेकडच्या काचा

खांबातून कारखान्यातल्या जुन्या झाडूवाल्याचा, भिरभिऱ्याचा, आवाज आला तेव्हा तो तीनचाकी सायकलवर बसून समोरच्या सगळ्या देखाव्याला मनातल्या मनात नावं ठेवत होता. आवाज कानावर पडला मात्र, त्याचा पाय पेडलवरून घसरला आणि पेडल उलटं फिरून नडगीवर बसलं. नातीचा काही दोष नव्हता. नऊ वर्षांची पोर, बटण दिसलं की दाबणारच. खांबावर हिरवं बटण होतं, तिने दाबलं. वर पाटी होती, 'आठवणींचा खांब, क्रमांक चार'. खाली कानाचं चित्र काढलेलं, म्हणजे एखाद्याने खांबाला चुकून नाक लावू नये. आणि जाळीमागून, पंचवीस वर्षांत एकदाही न ऐकलेला तो फाटका, सारखा घाईत असलेला आवाज बोलत होता, "तर मंडळी, मी इथे झाडू मारायचो. बत्तीस वर्षं मारला. लोक म्हणतात, इथे लोखंड निघायचं. मला विचाराल तर धूळ निघायची. लोखंड गाड्या भरभरून बाहेर जायचं आणि धूळ राहायची माझ्या वाट्याला." नात खिदळली. जावई म्हणाला, "व्वा!" जावयाला सकाळपासून सगळंच व्वा वाटत होतं. भाड्याच्या सायकली व्वा, कॉफीची टपरी व्वा, भट्टीच्या धुरांड्यावर चढवलेला पिवळा-गुलाबी रंगही व्वा. माणसाच्या तोंडात एकच शब्द असला की त्याची संसारात चांगली सोय होते, असं त्याने लेकीच्या लग्नातच ताडलं होतं. पण आता त्याला जावयाला हसायलाही उसंत नव्हती. आवाज पुढे बोलतच होता. धुळीचे प्रकार सांगत होता, काळी, तांबडी, चमचमती, आणि मग म्हणाला, "बरं, आता पुढे व्हा. सात नंबरच्या खांबाशी मोठ्या क्रेनची शेड आहे. तिथे एका माणसाचा पाय गेला. त्या दिवसाचं मी तिथं सांगतो. मी तिथंच उभा होतो." मग खर्र झालं आणि खांब गप्प झाला.

लेक सायकलवरून उतरून उभी होती. तिने हेल्मेट काढलं, केस मागे केले. "बाबा," ती म्हणाली, "मोठ्या क्रेनची शेड म्हणजे तुमचीच ना? आणि पाय गेला म्हणजे... मामाच ना?" तो म्हणाला, "कारखान्यात पुष्कळ जणांचं पुष्कळ काही गेलं." "मामाचंच असणार," ती म्हणाली, "आपण ऐकू या. मला कुणीच कधी धड सांगितलं नाही." आणि तिने हेल्मेट परत चढवलं, पट्टा टक् करून लावला. त्या आवाजासरशी त्याला कळलं की आता सुटका नाही. चौतीस वर्षं घरात एकच गोष्ट चालत आली होती, ती त्यानेच आणून ठेवलेली. साखळी घसरली, कुणाला काही दिसलं नाही, नशीब. बायकोने ती गोष्ट तशीच मानली, तशीच सगळ्या नातेवाइकांना सांगितली आणि तशीच बरोबर घेऊन गेली. खरं काय झालं ते दोन माणसांना ठाऊक होतं. एक तो स्वतः. दुसरा आता खांबात बसला होता, आणि अजून तीन खांब पुढे तो तोंड उघडणार होता, लेकीसमोर, नातीसमोर, या व्वा म्हणणाऱ्या माणसासमोर.

न बघता नावं ठेवण्यात मजा नसते म्हणून तो आज आला होता, नाहीतर दोन वर्षं लेक मागे लागली होती आणि दोन वर्षं तो गुडघे पुढे करत होता. आज तिने गुडघ्यांचाही बंदोबस्त केला. फाटकापाशी 'ज्येष्ठांसाठी' म्हणून तीनचाकी सायकल मिळत होती, पुढे टोपली, मागे उंच काठीवर नारिंगी झेंडा, हवेत फडफडणारा, हा म्हातारा कुठवर पोचलाय ते दुरून दिसावं म्हणून. चाळीस टनी क्रेन चालवलेल्या माणसाला टोपलीत पाण्याची बाटली घालून दिली. आणि फाटकावरची कमान! 'सहकुटुंब सायकलमार्ग'. त्याच फाटकातून तीस वर्षांत कुणाचं कुटुंब आत गेलं नव्हतं. बायको एकदा विसरलेला डबा घेऊन आली होती, तर पहारेकऱ्याने तो फाटकाच्या खिडकीतून आत घेतला आणि तिला मागे फिर म्हणून सांगितलं. आता तिथे बाबागाड्यांची रांग होती. ज्या रुळांवरून राखेचे डबे जात ते उखडून त्यावर गुळगुळीत लालसर रस्ता घातला होता, कडेने गवत, गवतात 'गवतावर चालू नये'. राखेच्या ढिगाऱ्याची टेकडी झाली होती. टेकडीला नाव पडलं होतं, नावाखाली उंची लिहिली होती, आणि लोक वर चढून दमल्याचे फोटो काढत होते. तो ढिगारा रोज थोडा थोडा वाढताना त्याने केबिनमधून पाहिला होता. कशाचा बनलाय ते कळलं असतं तर ही मंडळी खाली उतरून आधी बूट फेकून देती. थंड पाण्याच्या हौदात बदकं सोडली होती. बदकांचीही त्याला कीव आली नाही, उलट वाटलं, यांना आधीपासून काही ठाऊक नाही म्हणून किती रुबाबात पोहतायत.

पाचव्या खांबाशी रस्त्याला फाटा होता. डावीकडे 'छोटी फेरी, बाग व उपाहारगृह', सरळ 'मोठी फेरी'. त्याने झेंड्यासकट तीनचाकी डावीकडे वळवली. "गुडघा धरलाय," तो म्हणाला, "आणि पोरीला भूक लागली असेल." नात म्हणाली, "मला नाही लागली." ही पोरं नको तिथे खरं बोलतात. जावई लगेच मदतीला धावला. मदत हा त्याचा दुसरा दुर्गुण. "बाबा, तुम्ही पाय वर घ्या, मी मागून ढकलतो. शेड बघायलाच तर आणलंय तुम्हाला!" आणि खरंच त्याने एका हाताने आपली सायकल चालवत दुसऱ्या हाताने तीनचाकीला जोर दिला. तो राजासारखा बसून होता, पाय वर, आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातच्या वेगाने पुढे सरकत होता, जिकडे अजिबात जायचं नाही तिकडे. लेक मात्र पुढे गेली होती, एकटीच. तिच्या पाठीकडे पाहताना त्याच्या लक्षात आलं की ती सायकल घाईने मारत नाहीये, उलट रेंगाळतेय, प्रत्येक लोखंडी खांबाकडे, वेली चढवलेल्या प्रत्येक गर्डरकडे बघत, म्हणजे बाप रोज कुठे नाहीसा व्हायचा ते आज सगळं डोळ्यांत भरून घेतेय. तिला आज बापाचा अभिमान वाटून घ्यायचा होता. त्यासाठी तिने रजा काढली होती.

वर बसण्याची सवय वाईट. हे त्याला केबिनमधून उतरल्यावर, म्हणजे कारखाना बंद पडल्यावर कळलं, तोवर स्वभाव होऊन बसला होता. चाळीस फुटांवरून माणसाचं तोंड दिसत नाही, फक्त टाळकी दिसतात. कुणाला टक्कल पडतंय, कोण केसांना तेल चोपडतो, कुणाच्या टोपीला भोक आहे. इंजिनियर येवो की मॅनेजर, वरून टाळकंच. शिडी चढून केबिनचं दार लावलं की खालचं जग त्याच्या मालकीचं होई, आणि त्या मालकीच्या जगात त्याने एकेकाला नावं वाटली. मॅनेजरला 'फुंकर', कारण तो चहाच्या कपावरच नाही तर सही केलेल्या कागदावरही फुंकायचा. फोरमनला 'दीड शहाणा', स्टोअरच्या कारकुनाला 'उंदीरमामा'. नाव सकाळी वरून पडायचं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या शेडमध्ये रुळायचं. 'भिरभिरं' हेही त्याचंच. झाडूवाला बोलायला लागला की दोन्ही हात फिरत, झाडू हातात असला तर झाडूसकट, आणि वर क्रेन दिसली की हा खालून हात हलवायचा, रोज, जणू क्रेन म्हणजे याची गाववाली. त्याने एकदाही उलट हात हलवला नाही. झाडूवाल्याला क्रेनवाल्याने हात करायचा म्हणजे काय! भिरभिरं मात्र हलवतच राही, आणि त्या न संपणाऱ्या उत्साहाची त्याला किळस यायची, अंगावर झुरळ चढावं तशी.

क्रेनचा नियम सोपा होता, केबिनच्या पत्र्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेला. खाली उभं राहून हाताने इशारे करणारा खलाशी ठरलेला असतो. ड्रायव्हरने त्याच्याच इशाऱ्यावर चालायचं, दुसऱ्या कुणाचं ऐकायचं नाही, प्रत्यक्ष मालक आला तरी नाही. फक्त एक सोडून. दोन्ही हात आडवे पसरले म्हणजे थांब, आणि थांब कुणीही म्हणो, साहेब, खलाशी, झाडूवाला, रस्ता चुकून आत आलेला पाहुणा, क्रेन थांबलीच पाहिजे. हा नियम त्याने स्वतः नव्या पोरांना शिकवला होता, आणि शिकवताना प्रत्येक वेळी 'झाडूवालासुद्धा' म्हणून डोळा मारला होता, पोरं हसायची. त्याचा खलाशी होता त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्यानेच त्याला चिकटवला होता. त्या दिवशी ओतीव लोखंडाचा मोठा साचा उचलून शेडच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा होता. मेहुणा त्याच्यापुढे चालत होता, साच्याकडे पाठ करून, हाताने 'ये, ये' करत. आणि एका खांबाआडून भिरभिरं पुढे आलं. झाडू खाली टाकला. दोन्ही हात आडवे पसरले. ते हात त्या दिवशी फिरले नाहीत, हलले नाहीत, कधी नव्हे ते सरळ ताठ होते, आणि वरून त्याला ते स्वच्छ दिसले, पसरलेली बोटंसुद्धा दिसली. हा इशारा कुठला तेही त्याला कळलं. साच्याच्या पलीकडच्या बाजूला, जी त्याला दिसत नव्हती आणि भिरभिऱ्याला दिसत होती, साखळी कोपऱ्यापर्यंत सरकली होती. त्याचा हात लिव्हरवर होता. आणि त्याच्या मनात आलं, हा कोण टिकोजीराव मला थांबवणार. एवढंच. एवढं मनात यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ क्रेन पुढे गेली. मग साखळी सुटली आणि साच्याचं एक टोक खाली आलं.

सहावा खांब कुणा अधिकाऱ्याचा होता. उत्पादन, टन, निर्यात, कामगार आणि व्यवस्थापन यांच्यातले सलोख्याचे संबंध. नातीने अर्ध्यातच सोडून दिलं, आणि एरवी त्याला तिचा अभिमान वाटला असता. तो मनात म्हणत होता, सातव्याची बॅटरी संपलेली असू दे, कुणा टवाळाने वायर तोडलेली असू दे. चौकशीत त्याला विचारलं होतं, कुणी थांबण्याचा इशारा केला होता का? तो म्हणाला, नाही. भिरभिऱ्याला कुणी बोलावलंच नाही. त्याचं नाव कंत्राटदाराच्या वहीत होतं, कारखान्याच्या नव्हे, म्हणजे कागदोपत्री तो त्या शेडमध्ये नव्हताच. पुढे कितीतरी दिवस तो वाट बघत होता की भिरभिरं आज येऊन काहीतरी बोलेल, धमकी देईल, निदान युनियनच्या पुढाऱ्याच्या कानाला लागेल. काही झालं नाही. एकदा दोघे हात धुवायच्या नळांशी शेजारी शेजारी आले. भिरभिऱ्याने त्याच्याकडे पाहिलं, हात खिशाला पुसले आणि निघून गेलं. वर बघून हात हलवणं तेवढं बंद झालं. तेव्हा त्याला काय वाटलं? सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच्या मागोमाग, लगेच, वाटलं की या माणसाला कणा नाही. बोलायचं होतं तर बोलायचं. झाडूवाला तो झाडूवालाच. आपल्याला वाचवणाऱ्या गप्प बसण्यालाही त्याने नाक मुरडलं होतं, आणि नाक मुरडताना रात्री झोप चांगली लागली होती.

मेहुणा दवाखान्यातून थेट त्याच्याच घरी आला. मांडीपासून खाली पाय नव्हता. पुढच्या खोलीत खिडकीशी त्याची खाट टाकली, आणि ती तिथे अकरा वर्षं राहिली. नातेवाईक यायचे, खाटेकडे बघायचे, मग त्याच्याकडे बघून मान हलवायचे. "मेहुण्याला असं कोण सांभाळतं आजकाल! तुमच्यासारखा माणूस विरळा." तो म्हणायचा, "आपलंच माणूस आहे." हे वाक्य त्याला छान जमलं होतं. कुबडीचा ठक ठक आवाज मात्र त्याला सहन होत नसे. पहाटेची पाळी असली की तो आतून ओरडायचा, जरा हळू, आणि ठक ठक थांबायची, म्हणजे मेहुणा जिथे असेल तिथे एका पायावर उभा राहायचा. लेकीला अपूर्णांक मामाने शिकवले, भागाकार मामाने शिकवला, सायकल शिकताना मामा खिडकीतून ओरडून सांगायचा, "खाली बघू नकोस, समोर बघ!" बाप पाळीवर असायचा. मामा गेला तेव्हा ती एकवीस वर्षांची होती आणि चार दिवस तिने सगळ्यांशी बोलणं टाकलं होतं. बापाच्या मरणाला ही एवढी रडणार नाही, असं तेव्हा त्याच्या मनात आलं होतं. आणि आता, तीनचाकीवर पाय वर घेऊन बसलेला तो, तीच गोष्ट परत मनात घोळवत होता, फक्त या वेळी त्याला राग येत नव्हता, भीती वाटत होती.

शेड उभी होती. सगळं पाडलं, शेड ठेवली. क्रेनही ठेवली होती वर, निळा रंग लावून, हुकाला कुंडी टांगून. खालच्या फरशीवर रंगीत चौकोन आखून मुलांसाठी काहीतरी खेळ केला होता. एक बाई आइस्क्रीम खाणाऱ्या मुलाला म्हणत होती, "सांडू नकोस, इथे स्वच्छ आहे." लेकीने सायकल टेकवली आणि कुणाची वाट न बघता सातव्या खांबाचं बटण स्वतः दाबलं. बॅटरी ठणठणीत होती. "तर मंडळी," भिरभिरं म्हणालं, "हे बघा, इथं. मी या तिसऱ्या खांबाशी होतो. वर साचा चालला होता. मला दिसलं की साखळी कोपऱ्याला आलीय. मी हात पसरले. थांब म्हणून. कुणीही पसरले तरी चालतात, तसा नियमच होता." आवाज थांबला. श्वास घेतल्याचं ऐकू आलं, आणि त्याने तीनचाकीचं हँडल धरलं. "पण क्रेनवाल्यांना दिसलं नाही. त्यांच्या डोळ्यांवर ऊन आलं होतं. सकाळची वेळ, ऊन बरोबर तोंडावर. त्यांचा काय दोष? त्यांचाच मेहुणा होता तो. पुढं त्यांनी त्याला घरी नेलं, जन्मभर सांभाळलं. माणूस चांगला होता. एवढंच सांगायचं होतं." खर्र झालं. संपलं.

जावयाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बघा बाबा," तो म्हणाला, "तुम्ही इतकी वर्षं मनाला लावून घेतलं असेल. ऐकलंत ना? कुणाचाच दोष नव्हता." नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही चांगले होता असं तो म्हणाला." आणि लेक वळली, तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "तुम्ही कधी सांगितलंच नाही, डोळ्यांवर ऊन आलं होतं म्हणून," ती म्हणाली. झालं होतं. सुटला होता तो. आता फक्त मान हलवायची होती आणि बागेकडे जाऊन नातीला काहीतरी गार घेऊन द्यायचं होतं, की आयुष्यभरासाठी मिटलं. त्याने वर पाहिलं. करवतीच्या दातांसारखं छप्पर, एका बाजूला पत्रा, एका बाजूला काचा. बाहेर अकराचं ऊन रणरणत होतं आणि आत सगळीकडे सारखा, राखी, सावली न पाडणारा उजेड होता, तेव्हासारखाच. आणि मग ती जुनी, ओळखीची किळस वर चढली. भिरभिऱ्याने त्याला माफ केलं होतं. त्याने नावं ठेवलेल्या, कधी उलट हात न केलेल्या, चौकशीत ज्याचा इशाराच नाकारला त्या माणसाने वरून, चाळीस फुटांवरून, त्याच्या झोळीत हे टाकलं होतं. माणूस चांगला होता! याची भीक घ्यायची? खरं बोलायची बुद्धी त्याला झाली असं कुणी म्हणू नये. त्याला फक्त ते घ्यायचं नव्हतं.

"इथे ऊन येत नाही," तो म्हणाला.

"काय?" लेक म्हणाली.

"वर बघ. काचा कुठल्या बाजूला आहेत? उत्तरेला. मुद्दाम तशा बसवतात, काम करणाऱ्याच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून. या शेडमध्ये कधी कुणाच्या तोंडावर ऊन आलेलं नाही. सकाळी नाही, संध्याकाळी नाही. तो खोटं बोलतोय."

"अहो, म्हातारा माणूस," जावई म्हणाला, "विसरला असेल."

"बत्तीस वर्षं त्याने या फरशीवर झाडू मारलाय. तो काय विसरेल? इथे काम केलेला कुणीही ते ऐकेल तर हसेल. त्यालाही ठाऊक आहे." त्याने हँडल सोडलं. बोटं आखडली होती. "मला दिसला होता तो. चांगला स्वच्छ दिसला. थांब म्हणतोय हेही कळलं."

लेकीच्या तोंडावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. ते तिथेच राहिलं होतं, कामाचं नसलेलं. "मग?"

"मी थांबलो नाही."

"का?"

कारण सांगायला त्याच्याकडे चौतीस वर्षं होती, आणि त्याने पुष्कळ तयार करून ठेवली होती. तो रोजच हात हलवायचा, मला वाटलं गंमत करतोय. साचा जड होता, एकदम थांबवला असता तर झोका बसला असता. ती सगळी त्याच्या जिभेवर आली, एकामागून एक, आणि त्यातल्या प्रत्येकाची त्याला शिसारी आली. "झाडूवाला होता म्हणून," तो म्हणाला.

जावयाने व्वा म्हटलं नाही. त्याने नातीचा हात धरला आणि तिला रंगीत चौकोनांकडे घेऊन गेला. त्या क्षणी तो माणूस पहिल्यांदा त्याला शहाणा वाटला. लेक खांबाला टेकून उभी राहिली. तिने विचारलं, "आईला माहीत होतं?"

"नाही."

"मामाला?"

"त्याला कुठून? त्याची पाठ होती साच्याकडे. तोंड पुढे होतं. त्याला फक्त..." आणि तो थांबला. मेहुणा कुठल्या बाजूला तोंड करून चालला होता ते त्याला दिसलं. तिसऱ्या खांबाच्या बाजूला. चौतीस वर्षं त्याने तो देखावा हजारदा पाहिला होता, पण वरून. वरून फक्त टाळकं दिसलं होतं, आणि टाळक्याला डोळे असतात हे त्याच्या कधी मनात आलं नव्हतं. मेहुण्यालाही ते हात दिसले असणार. क्रेन आता थांबेल, अशाच भरवशावर तो क्षणभर तिथे उभा राहिला असणार. आणि नंतर? मेहुणा म्हणजे प्रश्नांचं पोतं होता. नळ का ठिबकतो, शेजारी आज लवकर का आले, चंद्र दिवसा का दिसतो, भाऊजी, युनियनने काय ठरवलं, भाऊजी, नव्या क्रेनला किती गिअर असतात, भाऊजी, तुम्ही आज कमी का जेवलात. अकरा वर्षं रोज रात्री दोघे समोरासमोर जेवायला बसत, आणि मेहुणा जगातल्या सगळ्या गोष्टी विचारी. आपला पाय कसा गेला, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

"त्याने कधी विचारलंच नाही," तो म्हणाला.

"मामाने?" लेक म्हणाली. "मामाने विचारलं नाही?" ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिलाही ते कळताना त्याने पाहिलं. "म्हणजे माहीत होतं त्याला."

तिने हेल्मेट उचललं, पण घातलं नाही. सायकल हातात धरून ती पोरीकडे चालायला लागली, आणि चार पावलांवर थांबून तिथेच उभी राहिली, त्याच्याकडे पाठ करून. त्याला तिच्यापाशी जायचं होतं, पण तीनचाकीवरून एकट्याने उतरता येत नव्हतं आणि हाक मारायची छाती होत नव्हती. तो बसून राहिला. मेहुण्याला आपण अकरा वर्षं सांभाळलं, हे त्याने आजवर किती जणांना सांगितलं होतं, ते तो मोजायला लागला.